कोंबडी कुणाच्या अंगणात शोभते?

पुण्यात सध्या दोन जातींच्या कोंबड्या आहेत, आणि ही जात पशुवैद्यकाच्या पुस्तकातली नाही. एक बाणेर-बावधनच्या बाजूला बंगल्याच्या मागच्या अंगणात राहते. तिचं खुराडं सागवानी, तिला नाव ठेवलेलं, पाहुणे आले की मुलं तिला उचलून दाखवतात. दुसरी वाघोली, मांजरी, नऱ्हे अशा गावांच्या जुन्या गावठाणात किंवा डोंगरउतारावरच्या वस्तीत राहते. रात्री डालग्याखाली झाकली जाते, दिवसा उकिरडा उकरते. पहिलीची अंडी शेजारी कौतुकाने मागून नेतात. दुसरीबद्दल क्षेत्रीय कार्यालयात अर्ज जातो.

माझं म्हणणं असं, की घरी पाळलेल्या चार-सहा कोंबड्यांना, आणि एकूणच अंगणात, गच्चीवर, ओट्यावर होणाऱ्या घरगुती उत्पादनाला या शहराने रीतसर मुभा द्यावी. अटी जरूर घालाव्यात, कडक घालाव्यात. पण त्या दोन्ही कोंबड्यांना सारख्या लागू असाव्यात. आज लेखी नियमांपेक्षा शेजाऱ्याची ऐपत आणि तुमची ऐपत यांतला फरकच सगळं ठरवतो.

शनिवार-रविवारच्या कार्यशाळांची मला चेष्टा करायची नाही. साबण करायला, पाव आंबवायला, गोधडी शिवायला, कोंबड्या पाळायला शिकवणारे वर्ग भरतात आणि चांगली शिकलेली माणसं पैसे भरून तिथे जातात. हाताला काहीतरी हवं असतं, ते खरंच आहे. मात्र शहराचा एक कोपरा ज्या गोष्टी पैसे मोजून शिकतो, त्याच गोष्टी दुसऱ्या कोपऱ्यातून हुसकावल्या जातात, याची कुणाला गंमतसुद्धा वाटत नाही.

पुणे वाढलं ते गावं पोटात घेत. १९९७ मध्ये गावांचा मोठा घास घेतला, २०१७ मध्ये अकरा गावं आली, २०२१ मध्ये आणखी तेवीस. सूस, म्हाळुंगे, मांजरी बुद्रुक, नांदेड, किरकटवाडी, वाघोली. नकाशावरची रेघ सरकली आणि कालपर्यंत जी कोंबडी पशुधन होती ती उपद्रव झाली. ग्रामपंचायत गेली. महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ या तेवीस गावांतल्या माणसांना ना सरपंच होता, ना त्यांच्या मतावर निवडून आलेला नगरसेवक. नेमक्या त्याच काळात तिथे टॉवर उभे राहिले, टॉवरमध्ये माणसं राहायला आली आणि खिडकीतून खाली पाहिल्यावर त्यांना कोंबड्या दिसल्या. त्यांची बाजू मांडायला व्हॉट्सअ‍ॅपवरचे ग्रुप होते, सोसायटीचं लेटरहेड होतं. कोंबडीवाल्या आजीची बाजू मांडायला कुणी नव्हतं.

तक्रारी मात्र खोट्या नसतात, त्या नीट ऐकायला हव्यात. पहिली आवाजाची. पहाटे कोंबडा आरवतो म्हणून पुण्यात प्रकरण पोलिसांपर्यंत गेल्याची बातमी काही वर्षांपूर्वी देशभर चघळली गेली. लोक हसले. मी तक्रार करणाऱ्याच्या बाजूचा आहे. रात्रपाळी करून आलेल्याला, तान्हं मूल असलेल्याला पहाटे चारचा कोंबडा परवडत नाही. तेव्हा दाट वस्तीत कोंबडा नको, हे मान्य करून टाकावं. अंडं घालायला कोंबडीला कोंबडा लागतच नाही. भल्या शिकलेल्या घरांतही हे सांगितलं की माणसं चमकतात. कोंबडा लागतो तो पिल्लांसाठी. त्याच्याविना घातलेलं अंडं खायला तसंच, फक्त ते उबवून काही निघणार नाही. आणि अंडं घातल्यावर कोंबडी जो दहा-पाच मिनिटं गवगवा करते तो दिवसाउजेडी असतो. विसर्जनाला डीजेच्या भिंती सहन करणाऱ्या शहराने त्याचा बाऊ करू नये.

पण इथे एक अडचण आहे, आणि ती बंगल्याला नाही, गावठाणाला आहे. गावरान कोंबडीचं सगळं गणित कोंबड्यावर उभं असतं. कोंबडी खुडूक बसते, एकवीस दिवस अंड्यांवरून हलत नाही, पिल्लं निघतात, त्यातली घारीने, मांजराने, मुंगसाने नेऊन उरतील ती वाढतात. खर्च जवळजवळ शून्य. कोंबडा काढून घेतला की दर दीड-दोन वर्षांनी तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेताच्या तरुण कोंबड्या, विकत आणाव्या लागणार. बंगलेवाला त्या कुठूनही आणेल. म्हणून कोंबड्यावर बंदी घालणाऱ्याने तलंगा मिळण्याची सोयही करायला हवी. खडकीला राज्य सरकारचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तिथून पाच-पाचच्या हिशेबाने, लसी दिलेल्या तलंगा शहरातल्या माणसाला सहज मिळाल्या, तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

वासाचं उत्तर त्याहून सोपं आहे, फक्त ते आळशी माणसाला जमणारं नाही. कोंबडीची कोरडी विष्ठा फारशी वास मारत नाही. ती ओली झाली की अमोनिया सुटतो आणि डोळे चुरचुरतात. खाली भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा चार बोटं जाड पसरायचा, दोन दिवसांनी खालीवर करायचा, भिजला तर बदलायचा. पावसाळ्यात खुराड्यावर पत्रा पुढे काढायचा आणि पाण्याचं भांडं भुशापासून दूर, उंचावर ठेवायचं. सहा कोंबड्यांची विष्ठा दिवसाला अर्धा ते पाऊण किलो भरते. एवढी घाण वाटत असेल तर सकाळी सहाला कुठल्याही चांगल्या वस्तीतल्या पदपथावरून चालून बघावं. मोठ्या कुत्र्यांचे मालक किती मुकाट्याने पुढे सरकतात ते दिसेल. कुत्र्याला महापालिकेत नोंदणी आहे, परवाना आहे. कोंबडीला का असू नये?

आता जी तक्रार कुणी लिहून देत नाही, तिच्याबद्दल. पुण्यातल्या जुन्या पेठांमधल्या कित्येक वाड्यांत गाई होत्या, मांजरं होती, पोपटाचे पिंजरे होते. कोंबडी नव्हती. ती कुठे असायची, कुणाच्या दारात असायची, हे पुण्यात वाढलेल्या कुणाला सांगायला नको. ती मनातली सरहद्द अजून पुरती पुसलेली नाही. काही सोसायट्यांत भाडेकरूला मांसाहार करता का, हे आजही विचारलं जातं. अशा ठिकाणी कोंबडीविरुद्धच्या अर्जात ‘दुर्गंधी’ असं लिहिलेलं असतं, आणि लिहिणाऱ्याला पाळणाऱ्याचं खाणंपिणं, राहणीमान, क्वचित आडनावही खुपत असतं. प्रत्येक तक्रारदार असा असतो असं मी म्हणत नाही. पण नियम लेखी नसला की अशा खुपण्याला आयतं शस्त्र मिळतं. लेखी नियमात भुशाची जाडी मोजता येते, आडनाव मोजता येत नाही.

सगळ्यात गंभीर आक्षेप रोगाचा. भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नोंदला गेला तो महाराष्ट्रातच, २००६ च्या फेब्रुवारीत, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. त्यानंतर तो परत परत येत राहिला. २०२१ च्या जानेवारीतही राज्यात आला. तो आला की बाधित जागेभोवतीच्या ठरावीक परिसरातले सगळे पक्षी मारावे लागतात. त्यात दहा हजारांची पोल्ट्री आणि परसातल्या चार कोंबड्या असा भेद नसतो. म्हणून अनेकांचं म्हणणं, की शहरात हे झेंगट हवंच कशाला.

मला हाच आक्षेप परवानगीच्या बाजूचा वाटतो. आज पुण्यात कुणाकडे किती कोंबड्या आहेत हे सरकारी यंत्रणेला सोसायटी-वस्तीच्या पातळीवर माहीत असण्याचं काही कारण नाही, कारण ज्याची तक्रार होऊ शकते ती गोष्ट माणूस लपवतो. लपवलेली कोंबडी आजारी पडली तर तो ती गुपचूप कापतो किंवा मेलेली नदीत, नाल्यात टाकतो. औंधला रोग अन्वेषणाची सरकारी प्रयोगशाळा आहे. तिथपर्यंत त्या कोंबडीचा नमुना कधीच जात नाही. नोंद असेल तर कुणाला फोन करायचा हे त्याला माहीत असतं, आणि साथीत पक्षी मारले तर भरपाई मागायला कागद असतो. बंदीने कोंबड्या कमी होत नाहीत, फक्त दिसेनाशा होतात.

लसीचीच गोष्ट घ्या. मानमोडी, म्हणजे रानीखेत, हा रोग बर्ड फ्लूपेक्षा कितीतरी अधिक वेळा घरच्या कोंबड्यांचा खुर्दा करतो. त्यावर लस आहे, स्वस्त आहे, अनेक वर्षांपासून आहे. पण तिची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते, थंड ठेवावी लागते, आणि एकदा पाण्यात कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी शंभर मात्रांची कुपी कोण फोडणार? खेड्यात पशुधन पर्यवेक्षक येतो, आळीतल्या सगळ्यांच्या कोंबड्यांना एकाच सकाळी लस देऊन जातो. शहरात तसं काहीच नाही. प्रभागातल्या वीस घरांची नोंद असेल तर महिन्यातून एक सकाळ ठरवता येते. हे काम एका कर्मचाऱ्याचं आणि एका थर्मासचं आहे.

आणि हे सगळं कुठे नाही, तर पुण्यात! देशभर अंड्याचे भाव सुचवणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि तिचा कारभार पुण्यातून चालला. ‘संडे हो या मंडे’ तिचंच. उरुळी कांचनला राव यांच्या नावाने कुक्कुटपालन शिकवणारी संस्था आहे. त्याच उरुळी कांचनला १९४६ मध्ये गांधीजींनी निसर्गोपचाराचं काम सुरू केलं, आणि ते काम पुढे चालवायला तिथेच राहिलेल्या मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बाएफ ही ग्रामीण पशुधनासाठी काम करणारी संस्था काढली. ज्ञान तासाभराच्या अंतरावर आहे. फक्त जनता वसाहतीसारख्या झोपडपट्टीतल्या बाईने तिची कोंबडी मान टाकायला लागल्यावर कुणाला विचारायचं, हे ठरलेलं नाही.

परसातली कोंबडी स्वस्त पडते असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. अंड्यावरची कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. सहा कोंबड्यांना महिन्याला वीस किलोच्या आसपास लागतं. मोकळं फिरायला, किडे टिपायला, गवत खुडायला जागा असेल तर ते कमी होतं, नसेल तर होत नाही. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. सरकारी केंद्रांनी परसासाठी वाढवलेल्या वनराजा, गिरिराज अशा जाती शंभराच्या पुढे जातात. पोल्ट्रीतली कोंबडी तीनशेच्या घरात, आणि ती ज्या पिंजऱ्यात हे करते तिथे तिच्या वाट्याला टंकलेखनाच्या कागदाएवढीही जागा येत नाही. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात अंडी घटतात, पिसं झडायला लागली की थांबतात. स्वयंपाकघरातला ओला कचरा कोंबड्या खातात, पण निवडून. खारट, आंबलेलं, बुरशी आलेलं त्यांना घालता येत नाही. फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या माणसांनी शहराच्या कचऱ्यापायी जे भोगलं, ते सहा कोंबड्यांनी हलकं होणार नाही. आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी कोंबडीची अंडी बरीच कमी होतात, तेव्हा तिचं काय करायचं? गावठाणात हा प्रश्नच नसतो, तिचा रस्सा होतो. बंगल्यात नाव ठेवलेल्या कोंबडीचा तो करवत नाही. मग ती संध्याकाळी कुठल्या तरी टेकडीवर सोडून दिली जाते, आणि रात्रीतून कुत्री तिचा निकाल लावतात. ज्याला हा शेवट आधीच डोळ्यासमोर आणता येत नाही त्याने कोंबडी आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग मुभा तरी का द्यायची? एक कारण पैशाचंच आहे, फक्त ते एकूण खर्चाचं नाही. ज्या घरांत बाईच्या हातात रोख रक्कम येत नाही, तिथे अंड्यांचे पैसे तिचे असतात. हे खेड्यात पिढ्यान् पिढ्या चाललं आहे. दूध डेअरीला जातं, त्याचं बिल पुरुषाच्या नावावर. ऊस कारखान्याला, त्याचंही तसंच. अंडी मात्र ती शेजारी विकते आणि मुलाची वही आणते. गाव शहरात आलं, जमिनीचे पैसे आले, ते कुठे गेले हे घरातल्या बायकांना विचारा. कोंबड्याही गेल्या तर तिच्या नावाचं असं काही उरत नाही.

हेच वाळवणाचं. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, पहाटे उठून शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यातून पाडायचा. याला घरात जागा पुरत नाही, गच्ची लागते. वाड्याला होती, चाळीला होती, तीन मजली सोसायटीलाही होती. टॉवरच्या गच्चीला कुलूप असतं. किल्ली सुरक्षारक्षकाकडे, आणि त्याला वरून हुकूम. सामायिक जागा सामायिकपणे वापरायचीच नाही, असा हा विचित्र कारभार. मेमध्ये पंधरा दिवस सकाळी सहा ते संध्याकाळी सहा गच्ची उघडी ठेवावी, एवढा ठराव करायला सोसायटीला कुणाची परवानगी लागत नाही. तोही होत नाही, कारण कुरडया आता बाहेरून येतात. आणि बाहेरच्या कुठे होतात? गावठाणातल्या, वस्तीतल्या पत्र्यावर. तीच बाई, तोच हात.

तिच्याशी भाव करताना आपण म्हणतो, घरीच तर करता, एवढे कसे? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं, की घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात, आणि जे पुरुष घरकामाला हात लावतात ते ९७ मिनिटं. हात लावणाऱ्या पुरुषांचं प्रमाणच शंभरात सव्वीस. ही २९९ मिनिटं सवयीने फुकट धरलेली आहेत, म्हणून कुरडईच्या भावात फक्त गहू आणि गॅस मोजला जातो. भीमथडी जत्रेत हौसेने हिंडणारी माणसं गोधडीची किंमत ऐकून मागे सरकतात. हाताने धावदोरा घालून एक मोठी गोधडी भरायला किती दिवस लागतात हे त्यांना ठाऊक नसतं असं नाही, ते दिवस मोजायचे असतात हे ठाऊक नसतं. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केलं, त्याचं कौतुक प्रत्येक महिलादिनाला होतं. त्या सातजणींनी पापड वाळवले ते इमारतीच्या गच्चीवर. आजच्या टॉवरमध्ये राहत असत्या तर पहिल्याच दिवशी नोटीस आली असती.

कायदा इथे तितका वाईट नाही. लहान उलाढाल असलेल्या घरगुती खाद्यउद्योगाला अन्न सुरक्षा कायद्याखाली नुसती नोंदणी पुरते. आडवी येते ती जागा. सोसायटीचा ठराव, मालकाची संमती, शेजाऱ्याच्या कपाळावरची आठी.

तेव्हा नियम काय असावा? घरटी सहापर्यंत कोंबड्या, दाट वस्तीत कोंबडा नाही. खुराडं जमिनीपासून उचललेलं, शेजाऱ्याच्या खिडकीपासून ठरावीक अंतरावर, रात्री बंद. कोंबड्या रस्त्यावर नाहीत. वर्षाला एकदा नोंदणी, नाममात्र फी, त्यातच लसीकरण. घरी कापून विकायचं नाही. पहिल्या तक्रारीवर पाहणी, दुसरीवर दंड, तिसरीवर नोंदणी रद्द. ज्या वस्तीत अंगणच नाही तिथे दहा घरांना मिळून एक खुराडं, महापालिकेच्या जागेवर. सदनिकेच्या बाल्कनीत कोंबडी अजिबात नको. चार फुटांच्या काँक्रीटवर कोंबडीला ना माती उकरता येत, ना धुळीत लोळता येत, आणि खालच्या मजल्यावरच्या माणसाने ते का सोसावं? हौसेला इतपत मुरड घालावीच लागेल.

बंगलेवाले म्हणतील, आम्हाला नोंदणीची कटकट कशाला, आम्ही स्वच्छच ठेवतो. ठेवत असतील. पण याच शहरात गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं यांतलं एक केलं की मिळकतकरात पाच टक्के आणि दोन केली की दहा टक्के सवलत मिळते, आणि ती घेताना अर्ज, पाहणी, शिक्का याची कटकट कुणाला वाटत नाही. मिळकतकराऐवजी सेवाशुल्क भरणाऱ्या वस्तीतली बाई उरलेली भाजी-भाकरी कोंबड्यांना घालून तेच काम करते, आणि तिला सवलत सोडा, नोटीस मिळते. म्हणून ही नोंदणी पहिल्यांदा समाविष्ट गावांच्या गावठाणांत आणि वस्त्यांत सुरू व्हावी, तिथल्या क्षेत्रीय कार्यालयात, मराठीत एका पानाच्या अर्जावर. नव्या नगरसेवकांना पहिल्या वर्षात करून दाखवता येईल इतकं ते लहान काम आहे. बंगल्यांची पाळी दुसऱ्या वर्षी आली तरी त्यांच्या कोंबड्यांचं काही बिघडत नाही.